आतडी चिकटू नयेत म्हणून ठेवतात ती फिल्म: ऑपरेशनआधी काय विचारायचं, नंतर काय बघायचं

आतड्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की नातेवाइकांचे प्रश्नही ठरलेले असतात. किती वेळ लागेल, रक्ताच्या किती बाटल्या लागतील, गाठ पूर्ण निघेल का, शौचाची पिशवी लावावी लागेल का. पुढे आतडी एकमेकांना चिकटतील का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. मी सांगली-मिरज भागात सर्जरीच्या थिएटरमध्ये सिस्टर म्हणून नोकरीची सगळी वर्षं काढली. हा प्रश्न सर्जनला पहिल्याच भेटीत विचारायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कारण चिकटणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. उघड्या ऑपरेशननंतर बहुतेकांच्या पोटात कुठे ना कुठे काहीतरी चिकटतंच. पुष्कळांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही, पण काहींना लागतो आणि तो फार वाईट रीतीने लागतो. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाची किंवा ओटीपोटाची उघडी शस्त्रक्रिया झालेल्या २९ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी पुढे १० वर्षं तपासल्या गेल्या. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. साधारण तिघांपैकी एक जण त्या काळात सरासरी दोनदा पुन्हा दाखल झाला होता. काहींचा त्रास थेट चिकटण्याचा होता, काहींच्या बाबतीत चिकटण्याचा संबंध असू शकत होता. अशा सगळ्या पुन्हा दाखल होण्यांत निव्वळ चिकटण्यामुळे दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण थोडं होतं, साधारण ५.७ टक्के. पण त्या ५.७ टक्क्यांमागे पोट फुगून, हिरव्या उलट्या करत रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत आणलेली माणसं असतात. मी ती पाहिली आहेत.

आत काय होतं ते आधी समजून घ्या

आतड्यांवर आणि पोटाच्या भिंतीला आतून पेरिटोनियम नावाचं अस्तर असतं. त्याचा वरचा थर एकाच पेशीइतका जाड, म्हणजे अगदी नाजूक. गॉज घासला, रक्त साचून राहिलं, दिव्याखाली आतडं कोरडं पडलं, पू झाला, की तो थर खरवडला जातो. काही तासांत त्या जागी फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन जमतं, गव्हाच्या खळीसारखं चिकट. शेजारी दुसरी खरवडलेली जागा असली की दोन्ही चिकटतात.

निरोगी अस्तर हे फायब्रिन स्वतःच विरघळवतं, पण ऑपरेशननंतर ती ताकद काही काळ कमी पडते. साधारण तीन दिवसांत फायब्रिन विरघळलं तर प्रश्न मिटला. नाहीतर त्यात नव्या पेशी शिरतात, कोलॅजन, म्हणजे व्रणाचे पक्के धागे तयार होतात, पुढे रक्तवाहिन्याही येतात आणि कायमचा पट्टा तयार होतो. या पट्ट्याखाली आतड्याची वळी अडकली किंवा पट्ट्याभोवती तिला पीळ पडला की मार्ग बंद.

कातडीची जखम कडेकडेने आत भरत येते, म्हणून मोठ्या जखमेला जास्त दिवस लागतात. पेरिटोनियम तसं भरत नाही. त्याच्यावर नव्या पेशी सगळीकडे एकदमच बसतात, त्यामुळे खरवड लहान असो की मोठी, पाच ते आठ दिवसांत अस्तर पुन्हा तयार होतं. मधल्या या आठवड्यात दोन खरवडलेल्या जागा एकमेकींपासून लांब ठेवल्या की झालं. अ‍ॅडहीजन बॅरियरचं, म्हणजे चिकटू नये म्हणून मध्ये ठेवतात त्या आडपडद्याचं काम एवढंच. ते काही औषध नाही, आणि आधीपासून चिकटलेलं ते सोडवत नाही.

कोणते प्रकार असतात

आतड्याच्या ऑपरेशनमध्ये सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो सेप्राफिल्म या फिल्मचा. हायल्युरोनेट आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज यांची ती पातळ, पारदर्शक पट्टी असते. अमेरिकेत तिला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. आत ठेवल्यावर एक-दोन दिवसांत तिचं जेल होतं, साधारण आठवडाभर ते जागेवर राहतं आणि महिन्याभरात शरीराबाहेर पडतं. "सिस्टर, जाळी टाकली का?" असं पुष्कळ जण विचारतात. हर्नियाला टाकतात ती जाळी वेगळी. ती आधार द्यायला असते आणि बहुतेक वेळा कायम राहते. ही फिल्म राहत नाही, पुढे स्कॅनमध्ये तिला शोधायचं कारणही नाही.

दुसरा प्रकार ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजच्या विणलेल्या कापडाचा. तो मुख्यतः स्त्रियांच्या ओटीपोटाच्या ऑपरेशनात वापरतात. रक्तस्राव पूर्ण थांबलेला असेल तरच तो कामाचा, रक्त लागलं की काळा पडतो आणि उपयोग होत नाही. याच जातीचं कापड रक्त थांबवायलाही वापरतात. त्यामुळे बिलात 'सेल्युलोज' दिसलं म्हणजे बॅरियरच ठेवला, असं समजू नका, विचारून घ्या.

तिसरा प्रकार म्हणजे आयकोडेक्स्ट्रिनचा ४ टक्के द्राव. तो शेवटी पोटात सोडतात आणि काही दिवस आतडी त्यात तरंगत राहतात. अमेरिकेत तो दुर्बिणीच्या स्त्रीरोग शस्त्रक्रियांसाठी मान्य आहे. आतडं कापलं किंवा दुरुस्त केलं असेल तर तिथल्या सूचनांनुसार तो वापरायचा नाही. मधुमेही माणसाच्या घरच्यांनी यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: या द्रावापासून शरीरात माल्टोज तयार होतं आणि काही जुन्या पद्धतीच्या ग्लुकोमीटर पट्ट्या त्यालाच साखर समजतात. आकडा खोटा वर दिसतो, त्यावर इन्सुलिन दिलं जातं आणि खरी साखर खाली जाते. हा द्राव वापरला असेल तर साखर लॅबमधून तपासून मागा आणि वॉर्डच्या सिस्टरला ते आवर्जून सांगा.

जोडाजवळ नको

आता मुद्द्याची गोष्ट. आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडली, तर त्या जोडाला पहिले काही दिवस धरून ठेवतात ते टाके आणि फायब्रिन. पक्कं कोलॅजन नंतर येतं. मधल्या तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास जुनं कोलॅजन झिजत असतं आणि नवं पुरेसं झालेलं नसतं, तेव्हा जोड सगळ्यात कच्चा असतो. अशा वेळी पोटातली चरबीची चादर, ओमेंटम, तिथे येऊन चिकटते आणि बारीक फट झाकते. इतरत्र नको असलेला चिकटपणा इथे जोड वाचवतो.

म्हणून नव्या जोडाभोवती फिल्म गुंडाळायची नाही. २००३ मध्ये सेप्राफिल्मच्या सुरक्षिततेचा १,७९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ताज्या जोडाभोवती फिल्म गुंडाळलेल्या रुग्णांत गळतीशी संबंधित गुंतागुंती जास्त दिसल्या. फिल्मच्या सूचनापत्रकातही तसा इशारा आहे. मला कुणी बॅरियरबद्दल एकच वाक्य सांगायला सांगितलं तर मी हेच सांगीन: जखमेच्या टाक्यांखाली ठेवा, जोडावर ठेवू नका.

मग फायदा किती? १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोठं आतडं काढून तात्पुरती आयलिओस्टोमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावणं) केलेल्या १८३ रुग्णांची नोंद आहे. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी दुर्बिणीतून बघितलं, तर फिल्म ठेवलेल्यांपैकी ५१ टक्क्यांच्या जखमेखाली काहीच चिकटलेलं नव्हतं. न ठेवलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. हा फरक मोठा आहे. पण २००६ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात आतडं अडण्याचं एकूण प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, १२ टक्के निघालं. कमी झालं ते चिकटण्यामुळे अडून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण: ३.४ वरून १.८ टक्के. म्हणजे फिल्म ठेवली म्हणून निर्धास्त राहायचं नाही, आणि नाही ठेवली म्हणून हळहळत बसायचंही नाही.

ऑपरेशनआधी सर्जनला विचारायचं ते

दुर्बिणीतून होणार का उघडं? दुर्बिणीच्या ऑपरेशनात कापणं आणि हाताळणं कमी, त्यामुळे चिकटणंही साधारणपणे कमी. पण आजार तसा नसेल तर सर्जनला दुर्बिणीसाठी गळ घालू नका.

पुढे पुन्हा पोट उघडायचं ठरलेलं आहे का? माझ्या मते बॅरियरचा सगळ्यात सरळ उपयोग इथे आहे. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये तात्पुरती पिशवी लावतात आणि काही महिन्यांनी ती बंद करतात. त्या दुसऱ्या वेळी पिशवीभोवती आणि टाक्यांखाली आतडी मोकळी सापडली, तर काम लवकर होतं आणि सोडवताना आतडं फाटायची भीती कमी राहते. पिशवी ठरलेली असेल तर बॅरियरबद्दल स्पष्ट विचारा: कोणता, कुठे, आणि जोडापासून लांब ना?

पोटात पू असेल तर? टायफॉइडने किंवा टीबीने आतडं फुटून आलेला माणूस आमच्याकडे नेहमीचा. जत, आटपाडीकडून चार दिवस गावातच इंजेक्शनं घेऊन आलेले, पोट लाकडासारखं कडक झालेले. अशा पोटात सर्जन सहसा बॅरियर ठेवत नाहीत. तिथे धुऊन काढणं, घाण बाहेर काढणं आणि जीव वाचवणं हेच काम असतं. "पैसे देतो, पण टाका" असा आग्रह तेव्हा धरू नका.

खर्चाचं बोलणं आधीच करा. कॅशलेस असेल तर हे सामान मंजूर होतं का ते टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्यांच्या टेबलावर विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन असेल तर हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला विचारा, पॅकेजमध्ये काय बसतं ते त्याला माहीत असतं. आणि पैशाची ओढाताण असेल तर माझा सल्ला सरळ आहे: फिल्मसाठी कर्ज काढू नका. ऑपरेशननंतरचं खाणंपिणं, औषधं आणि तपासणीला यायचं भाडं आधी बाजूला ठेवा.

थिएटरमध्ये काय होतं

हे तुम्हाला दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. चिकटणं कमी करणारी निम्मी कामं बॅरियरच्या आधीचीच असतात. आतडी ओल्या मॉपखाली झाकून ठेवायची, कोरडी पडू द्यायची नाहीत. गॉजने घासायचं नाही, टिपायचं. रक्त थांबवायचं, साचलेलं धुऊन काढायचं. हातमोज्यांवर पूर्वी स्टार्चची पावडर असायची. ती पोटात पडली की तिच्याभोवती गाठी आणि चिकटणं व्हायचं, म्हणून आम्ही मोजे घातल्यावर सलाइनने धुऊन पुसायचो. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरच्या मोज्यांवर बंदीच घातली. तुमच्या हॉस्पिटलात पावडरविरहित मोजे वापरतात का, हा प्रश्न विचारायला कुणाचीच हरकत नसते. बॅरियर परवडत नसेल तर हा प्रश्न जरूर विचारा.

फिल्म अगदी शेवटी उघडायची. ती साधारण १३ बाय १५ सेंटिमीटरची असते आणि ओल्या हाताला, ओल्या चिमट्याला लगेच चिकटते. म्हणून सर्जन मोजे बदलतात, सिस्टर कोरडी अवजारं वेगळी काढून ठेवते, जखमेच्या कडा पुसून घेतात. फिल्म तिच्या कागदासकट कापायची, तुकडे लहान ठेवायचे. ओल्या अस्तराला एकदा टेकली की ती हलत नाही, ओढली तर तुटते. ओमेंटम आतड्यांवर खाली पसरवून घेतलं, की टाक्यांची रेघ जिथे येणार त्याच्याखाली तुकडे थोडे एकमेकांवर येतील असे ठेवायचे. लहान छिद्रातून ही फिल्म आत नेणं अवघड, त्यामुळे दुर्बिणीच्या ऑपरेशनात सर्जन ती टाळतात किंवा दुसरा प्रकार निवडतात. घाईत, ओल्या हाताने, चुरगळून बसवलेल्या फिल्मचा फारसा उपयोग होत नाही. म्हणूनच त्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत मी थिएटरमध्ये कुणाला बोलू द्यायची नाही.

वॉर्डात पहिला आठवडा

पहिले दोन-तीन दिवस पोट सुस्त असतं, वारा सरत नाही, थोडं फुगतं. हे चिकटण्यामुळे नसतं, आतडी अजून जागी व्हायची असतात. डॉक्टर सांगतील तसं बसवा, उभं करा, कॉरिडॉरमध्ये चालवा. चालण्याने चिकटलेलं सुटत नाही, पण आतडी लवकर कामाला लागतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती कमी होते आणि छाती मोकळी राहते. काही सर्जन च्युइंगमही चघळायला सांगतात. चघळण्याने पोटाला जेवणाचा इशारा मिळतो.

या आठवड्यात डोळ्यांत तेल घालून बघायचं ते जोडाकडे, बॅरियर असो वा नसो. बरा होत असलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर अचानक मलूल झाला, नाडी सारखी जलद लागली, ताप आला, पोटाचं दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, ड्रेनमध्ये (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) गढूळ किंवा शौचासारखं पाणी आलं, तर राउंडची वाट बघू नका. लगेच सिस्टरला बोलवा आणि "काल असं नव्हतं" हे शब्द वापरा. त्या वाक्यावर आम्ही धावतो.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा दोनच ओळी असतात. कोणता तुकडा काढला, जोड कुठे आहे, टाक्याने का स्टेपलरने, बॅरियर ठेवला का, कोणता आणि कुठे, हे लिहिलेलं हवं. नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे लिहून द्यायला सांगा. आमच्याकडे एक बाई दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलातून अडलेलं पोट घेऊन आल्या. पहिल्या ऑपरेशनचा एकही कागद जवळ नव्हता, आणि सर्जनला आत काय सापडेल याचा अंदाज न घेताच पोट उघडावं लागलं. त्यांची मुलगी त्यानंतर सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवून प्रत्येक भेटीला घेऊन यायची. तसंच करा.

घरी आल्यावर

सुरुवातीचे काही आठवडे थोडं थोडं, पाच-सहा वेळा खायला द्या. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, शिजवलेला दुधी, उकडलेला बटाटा, अंडं चालत असेल तर अंडं. खाण्याने आतडी चिकटत नाहीत, पण कुठे आतडं अरुंद झालं असेल तर चोथा तिथे अडकतो. म्हणून शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याचं कणीस, संत्र्याच्या फोडीची सालं, फणसाचे गरे, सुकं खोबरं, अख्खे शेंगदाणे, मशरूम यांना डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावू नका. पुढे सुरू केलं तरी बारीक चावून खायचं. कवळी नीट बसत नसेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या. म्हाताऱ्या माणसांत हे कुणी लक्षात घेत नाही.

पोट अडलं तर

हे पहिल्या महिन्यात होऊ शकतं आणि दहा वर्षांनीही. पोटात कळ येते, थांबते, पुन्हा येते. उलट्या होतात, आधी खाल्लेलं पडतं, मग हिरवं-पिवळं पित्त. पोट फुगतं. वारा सरत नाही, शौचाला होत नाही. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे आणि ही चार लक्षणं आहेत, तर तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका आणि सर्जन असलेल्या हॉस्पिटलात न्या.

एरंडेल देऊ नका. जुलाबाची कोणतीच गोळी देऊ नका. बंद मार्गावर आतड्याला जोराने ढकलायला लावलं तर ते फुटू शकतं. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेऊ नका. आजीचा हात कितीही मायेचा असला तरी या पोटाला तो नको. कळ थांबून दुखणं सलग झालं, ताप आला, नाडी धावू लागली, पोट हात लावू देईना, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याची शंका घ्यायची. तिथे तासांवर जीव असतो.

हॉस्पिटलात नाकातून राइल्स ट्यूब टाकतात, सलाइन लावतात, एक्स-रे किंवा सीटी काढतात. "नुसती नळी घालून बसवून ठेवलंय, काही करत नाहीत" ही तक्रार मी खूप ऐकली आहे. पण रक्तपुरवठा ठीक असेल तर थांबणं हाच उपचार असतो, कारण पुष्कळ पोटं नळीवरच सुटतात. प्रत्येक नव्या ऑपरेशनने नवी खरवड होते आणि पुन्हा चिकटायला जागा मिळते. पाण्यात विरघळणारा कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारा द्राव नळीतून देऊन एक्स-रे काढतात. २४ तासांत तो मोठ्या आतड्यात पोचला तर बहुधा पोट ऑपरेशनशिवाय सुटतं. तीन दिवसांतही हललं नाही तर सर्जन सहसा ऑपरेशनचा विचार करतात. धोक्याची चिन्हं दिसली तर त्याआधीच.

थांबण्याच्या त्या दिवसांत नळीतून किती पाणी आलं, वारा कधी सरला, कळ किती वेळाने आली, हे एका कागदावर वेळेसह लिहीत जा. रात्रपाळीच्या डॉक्टरांना तो कागद दाखवा. आणि पुढे कधीही पोटाचं काहीही निघालं, पित्ताशयाचं, हर्नियाचं, सिझेरियनचंसुद्धा, तर भूल देण्याआधी ती फाइल टेबलावर ठेवायची. पहिलं छिद्र कुठे पाडायचं, हे सर्जन तुमच्या जुन्या व्रणावरून आणि त्या कागदांवरून ठरवतात.